बाबांची पंचाहत्तरी, कोपऱ्यावरचा इराणी आणि बंद शटर

ठाकूरद्वारकर

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पार्श्वभूमी लांबलचक. घाई असेल त्यांनी थेट शेवटचा परिच्छेद वाचावा.

बाबा येत्या ऑगस्टमध्ये ७५ वर्षांचे होतायत. हॉल, केटरर, पंचाहत्तर दिव्यांचं ओवाळणं, सगळ्याला नकार मिळाला. म्हणाले, "आम्ही चौघं उरलोय. कुठेतरी बसू." या 'बसू'चा अर्थ ज्यांना वेगळा सांगावा लागत नाही, त्यांच्यासाठी हा धागा.

हे चौघं १९७१-७२ मध्ये फोर्टातल्या एका बँकेत चिकटले. संध्याकाळी सुटले की चालत धोबी तलावापर्यंत यायचे आणि कोपऱ्यावरच्या एका इराण्याकडे टेकायचे. (हॉटेलचं नाव देत नाही, त्या घरची माणसं अजून आसपास राहतात.) आधी ब्रून मस्का आणि चहा. पुढे इराण्याने बिअरचं लायसन काढलं, तेव्हा चहाच्या जागी बिअर आली, टेबल तेच. मग इराण्याची मुलं कॅनडाला गेली आणि त्याने जागा पगडीवर, म्हणजे भाडेहक्काचे एकरकमी पैसे घेऊन, एका शेट्टीला दिली. शेट्टीने लाकडी खुर्च्या, संगमरवरी टेबलं तशीच ठेवली, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन ठोकलं आणि बाहेर 'परमिट रूम' अशी पाटी लावली. बाबांचं टेबल पार्टिशनच्या अलीकडे की पलीकडे यावर म्हणे चौघांची आठवडाभर चर्चा चालली होती. निवृत्तीनंतरही महिन्यातून एकदा जाणं सुरूच होतं.

गेल्या दिवाळीनंतर इमारत पुनर्विकासाला गेली. शटर बंद. आता तिथे पत्रे ठोकलेत.

तर, फोर्ट-धोबी तलाव-गिरगाव पट्ट्यात अशी जागा सुचवा जिथे चार ज्येष्ठ नागरिक आणि माझी आई निवांत बसू शकतील. हो, आईही येणार आहे. "पन्नास वर्षं मी ताट झाकून ठेवलंय, एकदा बघू तरी दे कुठे असायचे ते," असं तिचं म्हणणं. जिना नको, कर्कश गाणी नकोत. टीव्हीवर क्रिकेट असेल तर चालेल.

खिमापाव

कॅफे मिलिटरी, फोर्ट. थंड बिअर, खिमा, पाव. धागा बंद करा.

सुलभा_दादर

बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया विसरलात? १९२३ पासूनचं. बोमन कोहिनूर होते तोवर स्वतः टेबलापाशी येऊन ऑर्डर घ्यायचे, इंग्लंडच्या राणीच्या गप्पा मारायचे. २०१९ मध्ये गेले, ९७ वर्षांचे होते. बेरी पुलाव आणि वर कॅरॅमल कस्टर्ड. बहुतेक दुपारीच उघडं असतं, फोन करून जा.

सोडा_नको

सुलभाताई, काका 'बसू' म्हणालेत, 'जेवू' नाही. पंचाहत्तरीला बेरी पुलाव आणि कस्टर्ड ही शिक्षा आहे.

तळटीप

सोडा_नको यांच्याशी प्रथमच सहमत.

एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो, कारण पुढे कोणीतरी 'पारशी हॉटेल' म्हणणारच. पारशी आणि इराणी एक नव्हेत. पारशी गुजरातच्या किनाऱ्यावर उतरले त्याला हजारावर वर्षं झाली. हॉटेलवाले इराणी आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला, बहुतेक यझ्द आणि केरमान भागातून. दुष्काळ आणि तिथला छळ ही दोन मोठी कारणं. त्यांतही सगळे झरथुष्ट्री नव्हते, शिया मुसलमान इराणीही हॉटेलांच्या धंद्यात होते. भेंडी बाजारातली निळ्या फरश्यांची मुघल मशीद १८६० ची, तीही इराण्यांचीच.

मेट्रो सिनेमासमोरचं कयानी १९०४ चं, ग्रँट रोडचं बी. मेरवान १९१४ चं. आता 'कोपऱ्याची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानायचे म्हणून इराण्यांना स्वस्तात मिळाली' ही गोष्ट प्रत्येक लेखात असते. असेलही. पण दोन रस्त्यांवर दरवाजे, दोन्हीकडून उजेड आणि दोन्हीकडून गिऱ्हाईक, हे बघायला पंचांग लागत नाही.

बेहराम_नव्हे

तळटीपजी, तुम्ही हॉटेलात गेलात तर चहासोबत संदर्भसूचीही मागवता का?

तळटीप

चहा 'पानी कम' मागवतो. संदर्भ बाहेरून आणतो.

मंजिरी_क

आमच्या लहानपणी इराण्याकडे जायची परवानगी फक्त मावा केक आणि पाव आणण्यापुरती होती. आत बसायचं नाही. काउंटरवर बरण्यांतून साबण, आगपेट्या, टूथपेस्ट पण मिळायची. भिंतीभर आरसे. मला वाटायचं केस विंचरायला असतील, तर 'केस विंचरू नये' अशी पाटी! ते आरसे मालकाला गल्ल्यावर बसून मागचं टेबल दिसावं म्हणून असायचे हे लग्नानंतर कळलं.

खिमापाव

लग्नानंतर बरंच काय काय कळतं.

मिठाची_खडी

काकांचा वाढदिवस १५ ऑगस्टला नाही ना? ड्राय डे असतो.

ठाकूरद्वारकर

२२ ला. पण आता लक्षात आलं, श्रावण आहे. चौघांतले दोघं कडक पाळतात. एक जण तर श्रावणात बिअर सोडाच, कांदाही खात नाही.

मिठाची_खडी

गटारीच्या आत उरका. तारखेचं काय घेऊन बसलात, आपल्याकडे माणसं तिथीनेही साजरा करतात, तारखेनेही. तुम्ही सोयीने करा.

कार्कळ_ते_कांदिवली

मी सहसा वाचनमात्र असते. ठाकूरद्वारकरांच्या पोस्टमधलं 'शेट्टीने प्लायवूडचं पार्टिशन ठोकलं' हे वाक्य वाचून लिहावंसं वाटलं. राग नाही, पण थोडं टोचलं.

मी शेट्टीचीच मुलगी. घरी तुळू, शाळा मराठी. माझे पप्पा तेराव्या वर्षी कर्नाटकातल्या कार्कळजवळच्या गावातून मुंबईत आले ते गावच्याच एका माणसाच्या हॉटेलात बशा विसळायला. दिवसा मोरीपाशी, रात्री कन्नड रात्रशाळेत. फोर्टात अशा रात्रशाळा होत्या आणि वर्ग हॉटेलच्या पोऱ्यांनीच भरलेले असायचे. शेवटचं गिऱ्हाईक उठलं की टेबलं जोडून त्यावर झोपायचं. पप्पा सांगतात, गिऱ्हाईक उशिरापर्यंत बसलं की त्यांना त्याचा राग यायचा, कारण तो त्यांच्या बिछान्यावर बसलेला असायचा.

पुढे वेटर, मॅनेजर, मग तिघांच्या भागीदारीत एक लंच होम. १९७४ नंतर तिथले मुख्यमंत्री देवराज अर्स यांच्या जमीन सुधारणेत आमच्याकडच्या बऱ्याच बंट, म्हणजे शेट्टी समाजाच्या, घरांच्या कुळांना दिलेल्या जमिनी गेल्या. (कुळांना न्याय मिळाला, ते योग्यच झालं, असं मी पप्पांसमोर म्हणत नाही.) त्या काळात भाऊ, भाचे, पुतणे एकेक करून मुंबईला आले आणि प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या हॉटेलात चिकटवलं गेलं. इराण्यांची पुढची पिढी डॉक्टर, इंजिनियर होऊन परदेशी जात होती, त्यांच्या जागा रिकाम्या होत होत्या. आम्ही घेतल्या. पगडीचा व्यवहार म्हणजे इमारतीच्या मालकालाही त्यातला वाटा द्यायचा आणि तोही रोखीत. इतके पैसे बन-मस्का विकून फिटत नाहीत हो. तीस पैशांच्या चहावर माणूस दोन तास पेपर वाचत बसायचा. म्हणून परमिट रूम, म्हणून पार्टिशन, म्हणून दहा टेबलांच्या जागी सोळा.

इराण्याचं हॉटेल बंद झालं की वर्तमानपत्रात अर्धं पान येतं. शेट्टीचा बार बंद झाला की लोक विचारतात, "आता इथे काय येणार?" माझ्या पप्पांनी त्या जागेत एकतीस वर्षं काढली. इराण्याने चाळीस काढली असतील. फरक नऊ वर्षांचाच.

ठाकूरद्वारकर

कांदिवलीकर, माफ करा, आणि खरं आहे तुमचं. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "इराणी आम्हाला ओळखायचा. पण मी एकदा पाकीट विसरलो तेव्हा घरी जायला टॅक्सीचे पैसे शेट्टीने दिले." आणि पार्टिशनचं लाकूड चांगलं होतं म्हणे. हे त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय.

कार्कळ_ते_कांदिवली

चांगलं नसणार. पप्पांना मी ओळखते. :)

रोखठोक

सगळं ठीक, पण कोणीतरी विचारायला हवं म्हणून विचारतो. इराणी आला, उडुपी आला, पंजाबी आला, चायनीजवाला आला. मुंबईत मराठी माणसाने हॉटेलं का नाही काढली? आपण फक्त गिऱ्हाईक?

गिरगावची_सून

रोखठोक, हा प्रश्न दर सहा महिन्यांनी येतो आणि दर वेळी खाणावळी विसरून येतो. गिरणगावात हजारो गिरणी कामगार जेवायचे कुठे? कोकणातून, घाटावरून एकट्याने आलेल्या पुरुषांना दोन वेळचं ताट घालणाऱ्या बायका मराठीच होत्या. त्यांच्याकडे पाटी नव्हती, लायसन नव्हतं, बँक कर्ज देत नव्हती, म्हणून त्या तुमच्या हिशेबात येत नाहीत. प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये दादरला अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना कर्ज मिळावं म्हणून.

आमच्या गिरगावातच खोताच्या वाडीतलं अनंताश्रम काय होतं? मासळीच्या ताटासाठी लोक रांग लावायचे. विनय हेल्थ होमची मिसळ? तांबे? पणशीकर? 'कोणी काढलीच नाहीत' हे चूक. 'कोपऱ्यावर काढली नाहीत' हे म्हणा.

सोडा_नको

अनंताश्रमात निवांत बसायची सोय नव्हती. पान वाढलं, जेवा, उठा. जेवताना गप्पा मारल्या तर पुढच्या रांगेतले डोळे वटारायचे. मराठी माणसाने बार का चालवला नाही त्याचं उत्तर इथे आहे. गिऱ्हाईक निवांत बसलेलं आपल्याला बघवत नाही.

रोखठोक

हसलो. पण मुद्दा विनोदाने संपत नाही. साठीच्या दशकात मराठी पोरांना नोकऱ्या नव्हत्या, तेव्हाचा राग उगाच नव्हता.

कार्कळ_ते_कांदिवली

रोखठोक, तो राग आमच्या शटरवर निघाला. शिवसेनेच्या 'हटाव लुंगी, बजाव पुंगी'च्या दिवसांत पप्पा अठरा-एकोणीस वर्षांचे होते. दगड आले तेव्हा मालकाने सगळ्या पोरांना आत घेऊन शटर ओढलं. पप्पा सांगतात, आत अंधारात सांबाराचं पातेलं गॅसवरच होतं आणि ते करपतंय हे सगळ्यांना कळत होतं, पण उठायला कोणी तयार नव्हतं.

त्या मोर्चात असलेला एक जण पुढे कित्येक वर्षं आमच्या परमिट रूममध्ये उधारीवर बसायचा. स्वतःच सांगायचा, "शेट्टी, तुझ्या त्या जुन्या हॉटेलावर पहिला दगड माझा." पप्पा विचारायचे, "बर्फ टाकू?"

बेहराम_नव्हे

हा प्रतिसाद फ्रेम करून बारमध्ये लावा.

तळटीप

नोकऱ्यांच्या प्रश्नावर वेगळा धागा काढावा, इथे नको. पण एक नोंद: उडुपी हॉटेलात बशा विसळणारा तेरा वर्षांचा मुलगा कोणत्या मराठी तरुणाची नोकरी हिरावत होता, हे मला आजवर कोणी समजावून दिलेलं नाही.

मडगाव_माझगाव

इराणी झाले, शेट्टी झाले, आणि धोबी तलावात आम्ही काय फक्त फुर्ताडोच्या दुकानात गिटार घ्यायला यायचो काय?

धोबी तलाव म्हणजे गोंयकारांचं. जेर महालात वर चढून बघा, अजून कूड, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक राहायच्या खोल्या, आहेत. गावाच्या नावाचा एक एक कूड, गावच्या संताची तसबीर, रांगेत पेट्या. बोटीवर जाणारे तारवटी गावाहून यायचे, बोट मिळेपर्यंत कुडात राहायचे, रात्री रोझरी म्हणायचे. आणि १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता. तेव्हा खरे परदेशी आम्हीच हो, इराण्यांच्या बरोबरीने.

आता बार. मोरारजींनी १९५० मध्ये पूर्ण दारूबंदी आणली, आणि मुंबईला 'आंटी' मिळाली. माझ्या आज्जीची मोठी बहीण आंटी होती. नवरा बोटीवर, वर्षाकाठी एकदा पैसे, चार पोरं. पुढच्या खोलीत येशूची तसबीर आणि बाकडं, मागच्या खोलीत गूळ, संत्र्याची सालं, नवसागर. माल यायचा-जायचा सायकलच्या ट्यूबमधून. गिऱ्हाईकाला उकडलेलं अंडं नाहीतर चणे. पोलीसही यायचे, पण ते पैसे न्यायला. तिच्याकडे वकील, कारकून, गोदी कामगार एका बाकड्यावर बसायचे आणि मोठ्याने बोललेलं तिला चालायचं नाही, कारण शेजारी पोरं अभ्यास करायची. चारही पोरं शिकली.

तुमची परमिट रूम आली सत्तरच्या आसपास. तेव्हा आंटीचा धंदा बसला. शेट्टींनी घेतला म्हणा हवं तर. कार्कळबाई, हे हलकंच घ्या.

कार्कळ_ते_कांदिवली

घेतलं! कधी आंटीची रेसिपी मिळाली तर व्यनि (खासगी निरोप) करा.

मडगाव_माझगाव

नवसागर वाचूनही रेसिपी मागताय म्हणजे खऱ्या हॉटेलवाल्याच्या कन्या.

हडसनकाठची

मी न्यू यॉर्कात क्वीन्समध्ये राहते. जॅक्सन हाइट्सला ७४व्या रस्त्यावर पूर्वी साडी, सोनं, डोसा असा आपला सगळा कारभार होता. आता त्याच गल्लीत मोमो, तिबेटी ठुकपा, बांगलादेशी भातमासळी, आणि रूझवेल्ट अव्हेन्यूवर सात नंबरच्या गाडीच्या पुलाखाली कोलंबियन बायका अरेपा भाजतात. दोन स्टेशनं पुढे वुडसाइडला आयरिश पब. गंमत म्हणजे तिथले जुने गुजराती दुकानदार हल्ली म्हणतात, "बाहेरचे लोक फार आलेत."

संपादक_मदतनीस

विषयांतर होतंय, पण वाचनीय आहे म्हणून ठेवते. कृपया काकांना जागा सुचवा.

तळटीप

जागा सुचवण्याआधी कायदा. परमिट रूम हे नाव का? १९४९ चा दारूबंदी कायदा रद्द कधी झालाच नाही, फक्त त्याला परमिटची खिडकी पाडली. महाराष्ट्रात पिणाऱ्याकडे आजही परवाना लागतो. विदेशी मद्याचा एका दिवसाचा पाच रुपये, देशीचा दोन, आजन्म हजार. बिअर-वाइनला वय २१, बाकीला २५. पूर्वी परवान्यासाठी डॉक्टरचा दाखला लागायचा की याच्या प्रकृतीला मद्य आवश्यक आहे. तेव्हाचे अर्धे सभ्य गृहस्थ सरकारदरबारी आजारी होते.

खिमापाव

माझी प्रकृती सरकारला पूर्वी कळायची, आता बायकोला कळते.

नाव_सांगत_नाही

धागा सुरुवातीपासून वाचतोय. सगळ्यांचं सुंदर आहे, तरी एक लिहितो.

माझे वडीलही 'बसायचे'. गिरणीत होते. परमिट रूम नव्हे, देशी दारूचं दुकान, पण तेही कोपऱ्यावरच. पगाराच्या दिवशी आई मला पाठवायची, सहा वाजता, दारापाशी उभा राहा म्हणून. आत जायचं नाही, नुसतं दिसायचं. मी दिसलो की कधी कधी वडील पाकीट बाहेर आणून द्यायचे. कधी कधी आरशाकडे तोंड करून बसायचे. दुकानाचा मालक कुठला होता ते मला माहीत नाही. एकदा त्याने मला आत बोलावून बाकड्यावर बसवलं, चणे दिले आणि वडिलांना म्हणाला, "पोराला घेऊन घरी जा, आज तुला मिळणार नाही." वडिलांनी त्याला शिव्या दिल्या आणि मला घेऊन दुसऱ्या दुकानात गेले.

ठाकूरद्वारकर, तुमचे बाबा तसे नसतील. आईंना घेऊन जा, हे फार चांगलं करताय. जागा मला सुचवता येणार नाही, मी पीत नाही.

मंजिरी_क

…

ठाकूरद्वारकर

तुमची पोस्ट मी आईला दाखवली, बाबांना नाही. आई बराच वेळ मोबाईल धरून बसली. मग म्हणाली, "आमच्याकडे पगार घरी यायचा. पण दर एक तारखेला मला आधी भीती वाटायची, मग पगार यायचा." हे मला ४६ वर्षांत माहीत नव्हतं.

गिरगावची_सून

म्हणून आईंच्या जागेचा विचार आधी करा. मी आणि तीन मैत्रिणी एका जुन्या परमिट रूममध्ये गेलो होतो (नाव नको). खाली सगळे पुरुष. कॅप्टन धावत आला, "मॅडम, फॅमिली वर." वर एसी, अंधार, भाव दीडपट, आणि आम्ही सोडून कोणी नाही. आम्ही खालीच बसायचं म्हटलं तर तो हात जोडायला लागला. हट्टाने बसलो. पाच मिनिटं सगळे गप्प झाले, मग पुन्हा मॅच बघायला लागले. वेटर दर दहा मिनिटांनी विचारायचा, "सब ठीक?" बिचाऱ्याचा जीव टांगणीला.

इराण्यांच्या बिअरवाल्या हॉटेलांत हा ताप कमी. खिमापाव यांनी सुचवलेलं मिलिटरी, किंवा फोर्टातलंच कॅफे युनिव्हर्सल, १९२१ चं. तिथे बायका, ऑफिसातली पोरं, म्हातारे सगळे असतात. कुलाब्याचं माँडेगार चालेल, भिंतीवर मारियो मिरांडांची चित्रं आईंना आवडतील, पण तरुणांचा गोंगाट फार आणि काकांना तिथे पर्यटक समजतील.

मडगाव_माझगाव

जेवण नीट हवं असेल तर धोबी तलावातलं स्नोफ्लेक. चार टेबलं, गोंयची कढी. पण चौघं आणि आई बसली की हॉटेल भरलं.

बेहराम_नव्हे

गोकुळ, कुलाबा. जिना नाही, बिल नाही.

सोडा_नको

बिल आहे हो. तुमच्यापर्यंत आलं नाही म्हणजे कोणीतरी भरलं.

कार्कळ_ते_कांदिवली

मीही मिलिटरीच म्हणेन. स्वतःच्या धंद्याविरुद्ध मत देतेय, नोंद घ्या. पण दुपारी चारला जा. त्या वेळी वेटर मोकळे असतात, कोणी उठवत नाही आणि गल्ल्यावरच्या माणसालाही गप्पा हव्या असतात. रात्री नऊनंतर आमच्या लोकांना टेबल फिरवायचं असतं, मग कितीही जुनं गिऱ्हाईक असो, बडीशेप लवकर येते.

खिमापाव

दुसऱ्याच प्रतिसादात सांगितलं होतं. कोणी ऐकत नाही.

तळटीप

पहिल्याच प्रतिसादात. दुसरा सुलभाताईंचा.

ठाकूरद्वारकर

वृत्तांत.

गटारीच्या आधीच्या बुधवारी, दुपारी चार वाजता, कॅफे मिलिटरी. टॅक्सी मुद्दाम धोबी तलावावरून घेतली. पत्र्यांपाशी बाबांनी थांबवायला सांगितलं, काच खाली केली, बघितलं, वर केली. कोणी काही बोललं नाही. फक्त कदमकाका म्हणाले, "पत्रे हिरवे लावलेत."

आत शिरल्यावर चौघांनी आधी खुर्च्या हलवून पाहिल्या. जुनी लाकडी खुर्ची डुगडुगते की नाही यावर त्यांचा विश्वास ठरतो. एक डुगडुगली, बाबा तीच घेऊन बसले. दोन बिअर चौघांत, खिमा, पाव. चौथ्या काकांना साखर आहे म्हणून त्यांना रास्पबेरी सोडा मना, तर त्यांनी आईसाठी मागवून अर्धा स्वतः प्यायला. वेटर झारखंडचा होता, गिरिडीहचा. बाबांनी त्याचं गाव, घरची माणसं, पगार, झोपायची सोय हे सगळं विचारून घेतलं. कांदिवलीकर, तुमची पोस्ट वाचल्यापासून ते कुठल्याही हॉटेलात आधी 'झोपता कुठे?' विचारतात. आता वेटर दचकतात.

आई गप्प होती. भिंती, पंखे, पाट्या बघत होती. मग तिने बाबांचा ग्लास ओढला आणि एक घोट घेतला. चौघांचेही घास तोंडात राहिले. तिने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली,

"ह्यासाठी?"

नंतर खिम्याबरोबर अर्धा ग्लास संपवला. खिमा चांगला होता, असं तिचं मत आहे. पुढच्या महिन्यात श्रावण संपला की पुन्हा जायचं ठरलंय, तारीख तिने काढलीय.

मिठाची_खडी

काकूंना इथे आयडी काढून द्या.

नाव_सांगत_नाही

छान झालं.

सोडा_नको

सगळं लिहिलंत, बिल कोणी दिलं ते नाही लिहिलं.

ठाकूरद्वारकर

आईने.